कवेलू दरवर्षी फेरता तरी गळते तिथंच? वरचे कवेलू सोडा, खालचा सांधा पाहा

मिरग जवळ आला का आमच्या नागभीड-ब्रह्मपुरीकडं घरोघरी एकच काम सुरू होते, कवेलू (कौलं) फेरणं. फुटके काढले, नवे टाकले, आड्यावरचे सिमेंटनं बसवले, मजुरी दिली, आणि पहिली झड लागली का गंज (भांडं) ठेवावा लागते त्याच जागी जिथं मागच्या साली ठेवला होता. मंग शिव्या पडतात वांदराइले. वांदरं दोषी असतातच, नाई म्हणत नाई, पण वांदरं आज इथले फोडतात उद्या तिथले, त्याइले काही एकच जागा पसंत नसते. दरवर्षी तीच जागा गळत असेल तं कवेलू नाई, खाली काहीतरी बसून राहिलं आहे. आणि मी वाढईकाम (सुतारकाम) करतो, जितक्या अशा घरात वर चढून पाह्यलं त्यातल्या बहुतेक ठिकाणी गळतीच्या खाली किंवा हातभर इकडं-तिकडं मयालीचा नाईतर आड्याचा सांधा निघते.

(आडं म्हणजे शेंड्यावरचं आडवं लाकूड, मयाल म्हणजे पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूच्या, मधातलं, फाटे म्हणजे त्यावर उतरते टाकलेले, फाट्यावर रिपा आणि रिपांवर कवेलू. तुमच्या गावी नावं वेगळी असतील, समजून घ्या.)

असं होते काऊन? इंग्रजी (मंगलोरी) कवेलूला मागच्या बाजूनं खाच असते, ते रिपेला अडकून बसते आणि खालच्यावर ठरलेला चढाव घेऊन राहते. सांधा बसला का त्यावरचे फाटे बसतात, तिथल्या रिपा खोलगट होतात, कवेलूचा चढाव उघडतो, खालच्या अंगाला उतार कमी होते आणि वाऱ्यासंगं पाणी उलटं आत शिरते. ते पाणी पडते कुठं, तं त्याच सांध्यावर. सांध्यात लाकडाचं कापलेलं तोंड असते आणि लाकूड अंगापेक्षा तोंडानं कितीतरी जास्त पाणी पिते. म्हणून तिथं सडते, सडलं का अजून बसते, बसलं का अजून गळते. तुम्ही वरून कवेलू बदलत बसा, दोन पावसाळ्यात पुन्हा तेच.

आता सांधा असतोच काऊन हे पण पाहा, कारण इलाज त्यावर ठरते. सागाचं लांब सरळ लाकूड पूर्वीही महाग होतं, आताही आहे, म्हणून दहा-बारा फुटाचे तुकडे जोडून आडं करतात, त्यात चूक काहीच नाई. जुन्या वाढयांनी सांधा नेहमी खांबाच्या डोक्यावर नाईतर भिंतीवर घेतला आहे, कारण तिथं लाकडाला वाकायचा ताण कमीत कमी असते आणि गाळ्याच्या (दोन टेकणींमधल्या अंतराच्या) मधात जास्तीत जास्त. घोळ होते तो नंतर. दोन भावांची वाटणी झाली, घर एका गाळ्यानं वाढवलं आणि जुन्या आड्याच्या उघड्या तोंडाला नवं लाकूड जोडून दिलं. किंवा, हे तं लय पाहतो मी, लग्न जुळलं, घरात पाहुणे येणार, सोफा ठेवायचा आहे आणि मधातला खांब आड येते. काढा खांब! खांब काढला, दिवसभर काही झालं नाई, हप्ताभर काही झालं नाई, सारे म्हणतात पाहा काढला तं काय बिघडलं. सांधा जो खांबावर बसून होता तो आता हवेत लटकून आहे, आणि गळती सुरू होते दोन-तीन सालानं, तोवर खांबाची आठवणही कोणाला राहत नाई. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो का इथं कधी खांब होता का. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तिला पक्कं माहीत असते.

हिशेब थोडासा, भिऊ नका

आमच्याकडचा नेहमीचा सांधा म्हणजे अर्धं-अर्धं कापून एकमेकावर बसवलेला, मधातून लाकडाची खुटी नाईतर खिळा. सहा इंच उंचीच्या मयालीत प्रत्येक तुकडा तीन इंच राहते. लोकांना वाटते अर्धं लाकूड म्हणजे अर्धी ताकद. तसं नाई. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गानं जाते, म्हणजे उंची अर्धी तं ताकद पाव, आणि ताठपणा तं घनानं जाते म्हणजे आठवा हिस्सा. हे नवं कोरं लाकूड, उदई (वाळवी) नाई, सड नाई, तेव्हाचं गणित आहे. आणि वर ओझं किती? इंग्रजी कवेलू एक अडीच-तीन किलोचा, एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे चाळीस किलोच्या वर, रिपा-फाटे वेगळे. देशी कवेलू दुहेरी घातले असतील तं त्याहून भारी. त्यात कवेलू पाणी पिते, चांगल्या कवेलूलाही वजनाच्या 18-20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायची मुभा मानकात आहे, तं झडीच्या दिवसात ओझं वाढते आणि त्याच दिवसात लाकूड ओलं होऊन नरम पडते.

तपासायचं कसं

उन्हाळ्यात तपासा, आणि शक्य असेल तं पोळ्याच्या टायमाला पुन्हा एकदा, कारण कोरडं घर आणि भिजलेलं घर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मेन स्विच बंद करून चढा, आपल्याकडं वायर मयालीवरूनच नेलेली असते आणि तिला उंदरांनी कुरतडलेली असते. टॉर्च घ्या, पेचकस घ्या, हातोडी घ्या. वर हात घालायच्या आधी काडीनं खडखड करा, विंचू आणि गांधीलमाशीचं पोळं दोन्ही तिथंच राहतात.

एक, झोळ किती आहे ते मोजा. मयालीच्या दोन टेकणीपासून दोरी ताणा आणि सांध्यापाशी दोरी आणि लाकडाचं अंतर पाहा. गोल बल्ली असेल तं मुळातच वाकडी असू शकते, मग लेव्हलच्या पाइपानं खालची रेघ काढून घ्या. भारतीय मानक 883 मध्ये कवेलूसारखं फुटणारं साहित्य वर असेल तं झोळ गाळ्याच्या 360व्या भागात ठेवा म्हणतात, म्हणजे दहा फुटाला अडीच सुताच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा) थोडं वर. खरं सांगायचं तं पन्नास वर्षं जुन्या घरात इतकं सरळ मयाल मिळणार नाई, लाकूड ओझ्याखाली सावकाश वाकतच जाते. म्हणून झोळ आहे का यापेक्षा झोळ वाढून राहिला का हे महत्त्वाचं. सांध्याच्या फटीवर दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एक पेन्सिलची आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. पावसाळ्यानंतर रेघ तुटून दोन्ही अर्ध्या वर-खाली झाल्या असतील तं सांधा चालू आहे. रेघ जशीच्या तशी असेल तं घाबरायचं कारण कमी.

दोन, पेचकस. सांध्याच्या तोंडाशी आणि भिंतीत शिरते तिथं दाबून पाहा. चांगला सागाचा गाभा पेचकस घेतच नाई. पाव इंच सहज गेला तं वरचं सडलं, इंचभर गेला तं तो भाग हिशेबातून काढून टाका. हातोडीनं ठोका, ठणठण वाजलं तं बरं, भदभद वाजलं तं आतून पोकळ. उदई लाकडाचं वरचं पापुद्र्यासारखं ठेवून आतूनच खाते, म्हणून रंग पाहून काही समजत नाई. मातीच्या नळ्या भिंतीवरून वर जाताना दिसतील. पिवळी बारीक पिठी खाली पडत असेल तं तो घुण, तो मुख्यतः सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात राहते. बारक्या बल्लीत पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी, म्हणून सागाचीच असली तरी बारकी बल्ली लवकर जाते. "सागाचं आहे, काही होत नाई" हे जाड गाभ्याला लागू आहे, साऱ्या सागाला नाई.

तीन, तडा कोणता आहे ते ओळखा. लाकडाच्या लांबीनं गेलेली फट वाळताना पडते, आपल्याकडं 45-46 डिग्रीत पडणारच, बहुतेक वेळा तिच्यानं काही होत नाई. पण तडा तिरपा होऊन खालच्या कडेला निघाला असेल, किंवा खालच्या बाजूनं रेषा आडव्या तुटून कुसळं वर आली असतील, तं ते लाकूड मोडून राहिलं आहे. अर्ध्या-अर्ध्याच्या सांध्यात खाचेच्या कोपऱ्यापासून लांबीनं चाललेला तडा पण वाईट, तिथूनच चिरत जाते. असं दिसलं तं खाली टेकू लावा, आजच लावा, आणि त्या खोलीत झोपू नका.

भिंत पण पाहून घ्या. मातीची भिंत बाहेर झुकली असेल, ओळंबा सोडल्यावर वरून इंच-दीड इंच बाहेर दिसत असेल, तं मामला नुसत्या सांध्याचा नाई, फाटे भिंतीला बाहेर ढकलत आहेत. तिथं वाढई पुरत नाई, तालुक्याच्या इंजिनिअरला बोलवा, तो फी घेईल तं घेऊ द्या.

जे इलाज लोक करतात आणि टिकत नाईत

फटीत एमसील भरणं, डांबर भरणं: फट दिसत नाई बस. जीआय तार गुंडाळून पाना फिरवून आवळणं: चिरत चाललेलं लाकूड तार धरून ठेवते हे खरं, पण वाकायचं ओझं तार घेत नाई. एका बाजूनं फळी ठोकून दहा खिळे: एका अंगाला जोर आला का मयाल पिळते, आणि जुन्या वाळक्या सागात भोक न पाडता खिळा मारला का चिरतेच. फेविकॉल जुन्या काळ्या धुरकट तोंडावर धरत नाई, त्याचं नावच काढू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीतलं मयालीचं तोंड सिमेंटनं गच्च बुजवणं. मातीच्या भिंतीत लाकूड श्वास घेत होतं, सिमेंटनं त्याला पाणी बाहेर टाकायला जागाच ठेवली नाई, वरून टकाटक दिसते आणि आतलं तोंड भुसा होते. तोंडाखाली सपाट दगड ठेवा, वर आणि दोन्ही बाजूनं बोटभर जागा मोकळी सोडा, उंदीर येत असतील तं जाळी लावा.

मंग करायचं काय

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का इलाज एकच, सांध्याखाली खांब परत द्या. घरातले तोंड वाकडं करतील, करू द्या. खांबाच्या डोक्यावर आडवा ठोकळा ठेवा, सांध्याच्या दोन्ही बाजूनं किमान एकेक फूट पुढं जाईल असा, म्हणजे दोन्ही तुकडे टेकतील. खांब शेणानं सारवलेल्या भुईवर उभा करू नका, खाली दोन बाय दोनचा खड्डा, दगड-काँक्रीट आणि त्यावर जमिनीच्या वर आलेला दगड, खांबाचा पाय मातीला लागला का उदई आलीच. खांब लाकडाचाच पाह्यजे असं नाई, लोखंडी पाइप वरखाली प्लेट लावून चालते, जागाही कमी घेते. सोफ्यावाल्यांना हे लवकर पटते.

खांब जमतच नसेल तं दोन्ही अंगाला जोड. सगळ्यात चांगलं म्हणजे जोड पूर्ण गाळ्याचा घ्या, एका टेकणीपासून दुसऱ्या टेकणीपर्यंत, म्हणजे सांध्यावर काही अवलंबूनच राहत नाई, जुनं मयाल नुसतं मधात सँडविच होऊन राहते. जुनं मयाल पाच रुंद आणि सहा उंच असेल तं अडीच बाय सहाच्या दोन फळ्या, दोन्ही मिळून जुन्याइतकं लाकूड झालं पाह्यजे. एवढी लांबी मिळत नसेल तं दहा फुटाच्या गाळ्यात सांध्यापासून दोन्हीकडं अडीच-तीन फूट तरी, आणि एवढ्यात ताठपणा पूर्ण येत नाई हे समजून चाला, कारण बोल्टच्या भोकात थोडं तरी सरकतेच.

बोल्ट चार सुती, म्हणजे 12 एमएमचे, आरपार, दोन्हीकडं मोठे जाड वायसर. पंक्चरवाल्याकडचे बारके वायसर नका लावू, ते लाकडात रुततात. लाकडाच्या टोकापासून पहिलं भोक साडेतीन-चार इंच आत, वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच आत, आणि एका रेषेत सारे बोल्ट घेऊ नका, एक वर एक खाली असे घ्या, नाईतर त्याच रेषेनं लाकूड चिरते. अजून एक, सारे बोल्ट सांध्याजवळ गोळा करायची सवय आहे लोकांना. थोडे सांध्याशी आणि बाकी जोडाच्या टोकाकडं लांब न्या, जितके लांब तितका एकेका बोल्टवर जोर कमी येते. गोल बल्ली असेल तं ज्या बाजूनं फळी बसणार ती बाजू वाकसानं सपाट करून घ्या, गोलावर फळी आवळली तं एका रेघेवर टेकते आणि तिथंच दबते.

लाकूड मिळत नसेल तं लोखंडी चॅनल दोन्ही बाजूनं लावतात, 75 एमएमचा चॅनल मीटरला सात किलोच्या आसपास भरते, दोघं जणं आरामात उचलतात. रेड ऑक्साइडचे दोन हात आधी मारा. आता सागाचे भाव पाहता मला स्वतःला चॅनलच बरा वाटते, जुने वाढई नाक मुरडतात तरी. आणि वावरातलं सागाचं झाड घरचंच आहे म्हणून तोडू नका, 1964 च्या झाडतोड नियमन कायद्यात साग, बीजा, ऐन, मोह, हलदू हे सारे येतात, परवानगी आणि वाहतुकीचा पास लागते. पाडलेल्या घराचं जुनं लाकूड घेतलं तरी कागद मागून घ्या.

उचलायचं कसं, इथं घाई नको

आधी त्या भागातले कवेलू उतरवा, दोन्ही पाख्यांवरचे सारखे उतरवा, एकाच बाजूचे उतरवले तं आडं रिकाम्या बाजूला कलते. मंग सांध्याच्या दोन्हीकडं फूट-दीड फुटावर एकेक टेकू आणि जॅक, जॅकखाली जाड फळी, फळीखाली भुई ठोकून घट्ट केलेली. ट्रॅक्टरचा जॅक चालते. दिवसाला एक-दोन सूत, बस. सालोसाल बसलेलं लाकूड एका तासात सरळ कराल तं जिथं मोडायचं नव्हतं तिथं मोडेल, आणि मातीच्या भिंतीला भेगा पडतील त्या वेगळ्या. करकर आवाज आला तं थांबा, दुसऱ्या दिवशी करा. पूर्ण सरळ व्हायची हाव नको, रिपा एका रेषेत आल्या आणि कवेलू बसले म्हणजे झालं. उचललेल्या अवस्थेतच जोड लावा, बोल्ट आवळा, मंग जॅक हळू सोडा. हे काम मार्च ते मे मध्येच, भिंती कोरड्या असताना.

सडलेला भाग कापून काढाल तेव्हा फक्त काळं दिसते तेवढंच नका काढू, चांगल्या लाकडात अजून थोडं आत जा. उदईसाठी क्लोरपायरिफॉस 20 टक्केवालं असेल तं एका लिटरला 19 लिटर पाणी, एक टक्क्याचं होते, ते भिंतीच्या बुडाशी मातीत आणि मयालीच्या तोंडाजवळ. धान्याची कोठी, चूल, पाण्याचे माठ आधी बाहेर काढा, हातमोजे-मास्क लावा, फवारतो त्या दिवशी लेकराइले आजीकडं पाठवा. नुसतं लाकडावर मारून मातीत सोडलं नाई तं उदई दुसऱ्या वाटेनं येते.

टीन टाकणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आता अर्धं गाव टीनवर जाऊन राहिलं. कटकट नको म्हणून कवेलू काढून टीन टाकलं तं ओझं कवेलूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते, सांध्याला आराम वाटते. पण कवेलूच्या ओझ्यानंच ते अर्धं-अर्धं एकमेकावर दाबून बसलं होतं. वैशाखातलं वादळ आलं का वारा टीनला वर उचलते, आणि वर उचलायच्या बाजूनं त्या सांध्यात एक खुटी सोडून काहीच नाई. टीन उडालं म्हणतात तेव्हा बहुतेकदा नुसतं टीन जात नाई, मयालीचा तुकडाही जाते. म्हणून टीन टाकायच्या आधी सांध्याला आरपार बोल्ट, मयाल खांबाला लोखंडी पट्टीनं बांधलेलं, आणि खांब पायातल्या काँक्रीटला, तिन्ही पाह्यजे. नुसते जे-हूक पुरत नाईत.

बोल्ट लावल्यावर पहिल्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते आणि नट हातानं फिरतील इतके ढिले होतात, नव्या लाकडाच्या जोडात तं हमखास. म्हणून नट भिंतीकडं लपवू नका, पाना जाईल अशा बाजूला ठेवा, बोल्टचं टोक कापून सपाट करू नका, अर्धा इंच आटे बाहेर राहू द्या, आणि पुढच्या साली कवेलू फेरायला माणूस चढेल तेव्हा त्याच्या हातात 19 चा पाना द्या आणि पेन्सिलची रेघ कुठं मारली ती दाखवून द्या.